भटनागर पुरस्कार: यादी कशी वाचायची?

विज्ञानातल्या मोठ्या पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. आपल्या गावाचं किंवा आपल्या कॉलेजचं कोणी त्यात आहे का, हे आधी शोधलं जातं. मग व्हॉट्सॲपवर 'अभिमानाचा क्षण' म्हणून फोटो फिरतात. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. त्या माणसाने नेमकं काय शोधलं, ते बहुतेक वेळा ना बातमीत असतं ना फॉरवर्डमध्ये.

आज शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराबद्दल लिहितोय. भारतात काम करणाऱ्या शास्त्रज्ञासाठी गेली साठेक वर्षं हा सगळ्यात मानाचा पुरस्कार समजला गेला. आम्हा पीएचडीवाल्यांच्या चहाच्या टेबलावर 'त्यांना भटनागर मिळालंय' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुणी माणसं ओळखण्यात हा पुरस्कार फारसा चुकलेला नाही, यादी खरोखरच भारी आहे. पण तीच यादी थोडी वेगळी वाचली, म्हणजे नावांच्या बाजूला वय, लिंग आणि संस्था लिहून वाचली, तर आपल्या देशात संशोधन कोणाला आणि कुठे करता येतं हे त्यातून स्पष्ट दिसतं. आणि ते चित्र अभिमान वाटावा असं नाही.

आधी भटनागर कोण, ते बघू

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म १८९४ मधला, पंजाबातल्या भेरा गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील गेले तेव्हा हा मुलगा आठ महिन्यांचा होता, वाढला तो आजोळी. पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात डोनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये डीएस्सी केली. परत आल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग लाहोरला पंजाब विद्यापीठात प्राध्यापक झाले. (बनारस विद्यापीठाचं कुलगीतही त्यांनीच लिहिलंय. रसायनशास्त्रज्ञाने!)

लाहोरचं त्यांचं काम चुंबकीय रसायनशास्त्रातलं. लोखंड चुंबकाला चिकटतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी, मीठ, साखर, सगळेच पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढले जातात नाहीतर किंचित दूर ढकलले जातात. हे बळ इतकं बारीक असतं की साध्या तराजूला त्याचा पत्ताच लागत नाही. भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ मध्ये यासाठी एक उपकरण बनवलं. पदार्थ चुंबकीय क्षेत्रात जरासा हलला की प्रकाशाच्या दोन झोतांनी तयार होणारे काळे-पांढरे पट्टे सरकतात. ते पट्टे मोजायचे आणि त्यावरून बळ काढायचं. कल्पना साधी आणि सुंदर. या तराजूला 'भटनागर-माथुर' असं दोघांचं नाव आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट चिखलाची. अटक ऑइल कंपनी रावळपिंडीच्या बाजूला तेलासाठी विहिरी खणत होती. खणताना जो चिखल वापरतात तो जमिनीतल्या खारट पाण्याशी गाठ पडली की घट्ट व्हायचा आणि काम अडायचं. भटनागरांना ही कलिलांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची अडचण आहे हे कळलं आणि त्यांनी उपाय दिला तो डिंकाचा. चिखलात आपला देशी डिंक मिसळला की तो पातळ राहतो. कंपनी खूश झाली आणि तेलाच्या संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. तेव्हाचे दीड लाख! भटनागरांनी ते स्वतः न घेता विद्यापीठाकडे वळवले. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला.

म्हणजे ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्यांचं स्वतःचं गाजलेलं काम विद्यापीठात झालं, सहकाऱ्यासोबत झालं आणि त्याचा पैसाही विद्यापीठालाच मिळाला.

१९४२ मध्ये सीएसआयआर स्थापन झाली आणि भटनागर तिचे पहिले प्रमुख झाले. राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी त्यांनी उभी केली. पुण्याची एनसीएल त्यातलीच, ती १९५० मध्ये सुरू झाली. १ जानेवारी १९५५ ला ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ सीएसआयआरने पुरस्कार ठेवला आणि पहिला दिला १९५८ मध्ये.

पहिला मानकरी

पहिला पुरस्कार के. एस. कृष्णन यांना मिळाला. १९२८ मध्ये रामन परिणामाची पहिली बातमी 'नेचर'मध्ये छापून आली, तेव्हा त्यावर रामन आणि कृष्णन अशी दोन नावं होती. परिणामाला नाव एकाचं मिळालं आणि १९३० चं नोबेलही एकालाच. कृष्णन पुढे ढाका विद्यापीठात गेले आणि स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम केलं. एकच स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतो. तो फरक अचूक मोजला तर आत रेणू कसे रचले आहेत याचा अंदाज बांधता येतो. चुंबकत्व हा भटनागरांचाही विषय, त्यामुळे निवड शोभूनच दिसते.

पण दोन बारीक गोष्टी आहेत. १९५८ मध्ये कृष्णन साठीच्या उंबरठ्यावर होते. पुढे या पुरस्काराची ओळख बनलेली ४५ वर्षांची अट त्यांना लागली नाही. दुसरी गोष्ट, ते तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. ती प्रयोगशाळा सीएसआयआरची आणि पुरस्कारही सीएसआयआरचा. कृष्णन यांच्या योग्यतेबद्दल कोणी बोटही दाखवू शकणार नाही. पण देणारा आणि घेणारा एकाच घरातले, हे पहिल्या वर्षापासून आहे, एवढं नोंदवून ठेवू.

यादीतली काही नावं

१९६१ ची यादी बघा. आसिमा चटर्जी, जी. एन. रामचंद्रन, एम. एस. स्वामीनाथन. एकाच वर्षी!

आसिमा चटर्जी कलकत्ता विद्यापीठातल्या. वनस्पतींमधली औषधी द्रव्यं वेगळी काढून त्यांची रचना शोधणं हे त्यांचं काम. सदाफुलीच्या जातीतल्या झाडांमधल्या अल्कलॉइडांवर त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. अपस्मारावरचं आणि हिवतापावरचं औषधही त्यांच्या कामातून आलं. हा पुरस्कार मिळवणारी पहिली बाई त्या.

रामचंद्रन मद्रास विद्यापीठातले. आपल्या कातडीत, हाडांत, स्नायूंना बांधणाऱ्या दोऱ्यांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. ते तीन पेडांच्या वेणीसारखं असतं, ही रचना रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. मग १९६३ मध्ये आला तो प्रसिद्ध आलेख. प्रथिनाची साखळी प्रत्येक सांध्याला दोन कोनांत वळू शकते. पण कुठलेही कोन चालत नाहीत, कारण अणू एकमेकांवर आदळतात. कुठले कोन चालतात आणि कुठले नाहीत, याचा हा नकाशा. आज प्रथिनाची कुठलीही नवी रचना प्रसिद्ध करायची तर आधी ती 'रामचंद्रन प्लॉट'वर तपासतात. त्या शोधनिबंधावर नावं तीन होती: रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन.

इथे एक गोष्ट पुरस्काराच्या बाजूने. रामचंद्रन यांना पुरस्कार मिळाला तेव्हा तो आलेख यायचा होता. स्वामीनाथन यांना मिळाला तेव्हा मेक्सिकोचा बुटका गहू भारतात यायचा होता. म्हणजे माणूस मोठा व्हायच्या आधी पुरस्काराने त्याला हेरलं. तरुण वयात पाठीवर थाप पडली की पुढची पंधरा वर्षं माणूस धाडसी प्रश्न हाती घेऊ शकतो. वयाच्या अटीमागे हाच विचार असेल तर तो चांगलाच आहे.

मराठी वाचकांच्या ओळखीची नावंही भरपूर आहेत. मुंबईच्या यूडीसीटीचे मनमोहन शर्मा (१९७३), जयंत नारळीकर (१९७८), रघुनाथ माशेलकर (१९८२), माधव गाडगीळ (१९८६). नारळीकरांना पुरस्कार मिळाला तेव्हा ते चाळिशीत होते आणि टीआयएफआरमध्ये होते. पुण्यात आयुका उभी राहायला अजून दहा वर्षं होती. गाडगीळांचा पश्चिम घाट अहवाल आला २०११ मध्ये, पुरस्कारानंतर पंचवीस वर्षांनी. या दोघांनी समाजाला जे सर्वात मोठं दिलं, ते पुरस्काराच्या चौकटीत बसणारं नव्हतंच.

पाच वर्षं आणि पंचेचाळीस वर्षं

आता ती चौकट. उमेदवाराचं वय ४५ च्या आत हवं. आधीच्या पाच वर्षांत, मुख्यतः भारतात केलेलं काम धरलं जायचं. बक्षीस अलीकडच्या काळात पाच लाख रुपये आणि वयाच्या पासष्टीपर्यंत दरमहा पंधरा हजार असं होतं.

पाच वर्षांची अट ऐकायला रास्त वाटते. पण विज्ञानात कुठलं काम टिकणार हे पाच वर्षांत कळतं का? सी. आर. राव यांचं उदाहरण घ्या. त्यांना १९६३ मध्ये भटनागर मिळाला. पण त्यांचा जगभर शिकवला जाणारा निबंध १९४५ चा आहे, कलकत्त्याच्या गणित मंडळाच्या नियतकालिकातला. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटलं की थोडी चूक होणारच. राव यांनी दाखवलं की, पद्धत एका बाजूला झुकणारी नसेल तर ही चूक एका ठरावीक मर्यादेच्या खाली नेताच येत नाही, तुम्ही कितीही हुशारी करा. याला आज क्रामेर-राव मर्यादा म्हणतात. राव यांना २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यात या १९४५ च्या निबंधाचा वाटा मोठा होता. कामाचं खरं वजन कळायला कधी कधी इतका वेळ लागतो.

आणि पंचेचाळीस? साधा हिशोब मांडू. एमएस्सी तेविसाव्या वर्षी. पीएचडी एकोणतीस-तीसला, फेलोशिप वेळेवर आली तर. मग तीन-चार वर्षं पोस्टडॉक, बहुतेक वेळा परदेशात. नोकरी पस्तिशीला. प्रयोगशाळा रिकामी मिळते. उपकरणांची खरेदी, निविदा, मंजुरी यात दोन वर्षं सहज जातात. पहिला विद्यार्थी पीएचडी होईपर्यंत तुम्ही बेचाळीस-त्रेचाळीसचे. म्हणजे ज्या पाच वर्षांकडे समिती बघायची, ती पाच वर्षं प्रत्यक्षात जेमतेम हाती लागायची. यात कुठेही एक वर्ष सांडलं की गणित बिघडलं.

आता हे वर्ष कोणाचं सांडतं? मुलं होण्याचं वय आणि प्रयोगशाळा उभी करण्याचं वय एकच आहे. घरातल्या आजारपणाची जबाबदारी कोणावर येते हेही आपल्याला माहीत आहे. यादीत त्याचा परिणाम दिसतो. १९५८ ते २०२२ या काळात मानकरी पाचशेच्या वर झाले. त्यात बायका सगळ्या मिळून अगदी मोजक्या. आसिमा चटर्जींनंतर दुसरी बाई यायला चौदा वर्षं लागली, १९७५ मध्ये अर्चना शर्मा. भौतिकशास्त्रात पहिली बाई आली २०१८ मध्ये, अदिती सेन दे, म्हणजे पहिल्या पुरस्कारानंतर बरोब्बर साठ वर्षांनी. २०१० साली शुभा टोळे, मिताली मुखर्जी आणि संघमित्रा बंद्योपाध्याय अशा तिघी एकदम आल्या, तेव्हा वाटलं आता दार उघडलं. पण २०२१ च्या यादीत अकरा जण, सगळे पुरुष. २०२२ च्या यादीत बारा जण, सगळे पुरुष.

'मग काय, बायकांना कोटा द्यायचा का?' हा प्रश्न येणारच. माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. घड्याळ कोणाच्या आयुष्यावर बेतून लावलंय, ते बघा. पहिल्या मानकऱ्याला जे घड्याळ लागलं नाही, ते नंतरच्या सगळ्यांना का लागतं?

या संदर्भात कमला सोहोनी आठवतात. १९३३ मध्ये बंगळुरूच्या संस्थेत रामन यांनी त्यांना आधी नाकारलं आणि मग अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वर. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, दूध आणि नीरा यांच्यावर काम केलं. पुरस्कार सुरू झाला तोवर त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. यादीत त्या नाहीत. ज्यांचं काम थेट आपल्या ताटाशी जोडलेलं होतं, त्यांच्यासाठी या चौकटीत जागाच नव्हती.

विद्यापीठं कुठे गेली?

मला यादीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते. सुरुवातीच्या वर्षांकडे परत बघा. आसिमा चटर्जी: कलकत्ता विद्यापीठ. रामचंद्रन: मद्रास विद्यापीठ. १९६० चे टी. एस. सदाशिवन: तेही मद्रास विद्यापीठ. मनमोहन शर्मांचं यूडीसीटी तेव्हा मुंबई विद्यापीठाचा विभाग होतं.

आता २०२२ चे बारा जण संस्थेप्रमाणे मांडू. आयआयटी चार, बंगळुरूची आयआयएससी तीन, सीएसआयआरच्या प्रयोगशाळा दोन, टीआयएफआर एक, हैदराबादची सीडीएफडी एक, आणि एक मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातला. राज्य विद्यापीठ शून्य. २०२१ च्या अकरा जणांतही शून्य. या देशातली बहुसंख्य मुलं ज्या विद्यापीठांत विज्ञान शिकतात, तिथला एकही प्राध्यापक या दोन याद्यांत नाही.

हा दोष पुरस्काराचा नाही, हे मान्य. समितीसमोर जे येतं त्यातून ती निवडणार. संशोधन विद्यापीठांतून काढून वेगळ्या प्रयोगशाळांत नेलं तर विद्यापीठं पोकळ होतील, ही काळजी मेघनाद साहा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्या काळातच बोलून दाखवली होती. त्या प्रयोगशाळा उभ्या केल्या भटनागरांनी. त्यांनी केलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. नव्या देशाला एनसीएलसारख्या जागा हव्याच होत्या. पण विद्यापीठात काम करून आणि विद्यापीठालाच दीड लाख मिळवून देऊन मोठा झालेल्या माणसाच्या नावाची यादी आज विद्यापीठांविना पूर्ण होते, हे बघून काहीतरी वाटायला हवं.

मी स्वतः एका राज्य विद्यापीठात शिकतो, म्हणून हे जवळून दिसतं. आमच्याकडे हुशार शिक्षक आहेत. मंजूर जागा रिकाम्या आहेत, म्हणून ते आठवड्याला दुप्पट तास घेतात, पेपर तपासतात, नॅकच्या फायली भरतात. उपकरण बंद पडलं तर दुरुस्तीचा करार संपलेला असतो. त्यांच्या पाच वर्षांची तुलना एखाद्या राष्ट्रीय संस्थेतल्या पाच वर्षांशी करायची आणि निकालाला 'गुणवत्ता' म्हणायचं, हे मला पटत नाही.

नवीन रचना

२०२४ पासून चित्र बदललंय. आता 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' आहेत आणि त्यांचे चार प्रकार: विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर आणि विज्ञान टीम. सनद आणि पदक असं स्वरूप. पहिलं विज्ञान रत्न जीवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांना मिळालं आणि टीमचा पुरस्कार चांद्रयान-३ च्या चमूला. २०२५ चं विज्ञान रत्न नारळीकरांना, मरणोत्तर.

यातल्या दोन गोष्टी मनापासून आवडल्या. टीमला पुरस्कार मिळू शकतो, म्हणजे 'माथुर' आणि 'कार्था' यांना आता निदान एक खिडकी आहे. आणि वयाच्या अटीबाहेरही पुरस्कार आहेत. पण भटनागरांचं नाव ज्या भागाला आहे तिथे ४५ ची अट तशीच आहे. निवडीचंही तेच. पहिल्याच वर्षी आधीच्या मानकऱ्यांपैकी काहींनी पत्र लिहून विचारलं की नावं नेमकी कुठल्या टप्प्यावर, कशी ठरतात. प्रश्न रास्त आहे. शोधनिबंधात आम्ही 'पद्धत' हा भाग लिहिला नाही तर तो परत येतो. विज्ञानाच्या पुरस्काराला तो भाग नको?

तर, पुढची यादी आली की

अभिनंदन करा, जरूर करा. ज्यांना मिळतो त्यांनी तो मेहनतीने मिळवलेला असतो. त्यासोबत एक कागद घ्या आणि प्रत्येक नावासमोर चार रकाने आखा. वय किती? संस्था कोणती? बाई की पुरुष? आणि ज्या निबंधांसाठी नाव झालं, त्यावर सोबत अजून कोणाची नावं आहेत? शेवटचा रकाना भरायला अर्धा तास लागेल, पण त्यात तुम्हाला विद्यार्थी, तंत्रज्ञ, दुसऱ्या गावचे सहकारी सापडतील.

पाच वर्षांच्या याद्या अशा भरल्या तर माझं म्हणणं खरं की खोटं, ते तुम्हालाच दिसेल. आणि तुमच्या जवळच्या विद्यापीठात कोणी डिंकासारखा साधा उपाय शोधून कोणाचं तरी अडलेलं काम मोकळं केलं असेल, तर मला जरूर कळवा. पुढचा लेख त्यांच्यावर लिहायला आवडेल.